जीर्णोद्धार की पाठशुद्धी? : चित्रपटाची घरगुती प्रत आणि समीक्षेचा आधार

संहितानिश्चितीचा प्रश्न मराठी वाङ्मयाला नवा नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती चाळल्या. मूळ ग्रंथ शुद्ध असूनही पाठांतरांमुळे तो भ्रष्ट झाला आहे असे त्यांना दिसले आणि त्यांनी ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये असा कडक इशाराही त्यांनी देऊन ठेवला. मात्र कोणत्या प्रती पाहिल्या, कोणता पाठ स्वीकारला आणि कोणता टाकला, याची नोंद त्यांनी केली नाही. परिणामी एकनाथांची प्रत हीच ज्ञानेश्वरी झाली, आणि वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा तिच्याकडे पाहायचे कसे, यावरच विद्वानांचे एकमत होईना. शुद्धी करणाऱ्याने अशुद्ध ते बाजूला सारले, पण बाजूला सारलेले पुन्हा तपासण्याची वाटही त्याबरोबर बुजली.

ग्रंथांच्या बाबतीत एवढी सावधगिरी शिकलेली मराठी समीक्षा चित्रपटाकडे वळली की एकदम निर्धास्त होते. ‘संत तुकाराम’मध्ये असे आहे, ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तसे आहे, असे विधान करताना ते कोणत्या प्रतीवरून केले आहे हे सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही. चित्रपट हा यंत्राने छापलेला, म्हणून त्याच्या सर्व प्रती सारख्याच, अशी समजूत यामागे असावी. ही समजूत चुकीची आहे. गेल्या चार दशकांत चित्रपट अभ्यासाचा जवळजवळ सगळा आधार चित्रपटगृहातून घरात आलेल्या प्रतीवर, म्हणजे आधी फितीवर, मग चकतीवर, मग जालावर, उभा राहिला असल्याने तिचे परिणाम आता गंभीर झाले आहेत.

तुलनेसाठी एक जपानी उदाहरण उपयोगी पडते. अकिरा कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ १९५० चा. १९५१ मध्ये व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला आणि जपानी चित्रपटाकडे जगाचे लक्ष गेले. २००८ मध्ये त्याचे पुनःस्थापन झाले. ते करणाऱ्या संस्था कोणत्या (अमेरिकेतील अकादमी फिल्म आर्काइव्ह, टोकियोचे राष्ट्रीय चित्रपट केंद्र आणि कादोकावा), आधार कोणता (मूळ निगेटिव्हवरून १९६२ मध्ये काढलेली प्रिंट), हे सर्व जाहीर आहे. म्हणजे आज घरच्या पडद्यावर जो ‘राशोमोन’ दिसतो, तो १९५० सालचा नसून १९६२ च्या प्रतीवरून २००८ मध्ये सिद्ध झालेला पाठ आहे, हे अभ्यासकाला ठाऊक असते. प्रत सुंदर दिसते हा भाग वेगळा; तिची वंशावळ माहीत आहे ही गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने अधिक मोलाची.

याच चित्रपटातील पाऊस पाहावा. पडक्या वेशीवर कोसळणारा पाऊस करड्या आभाळापुढे दिसेना, म्हणून पाण्यात काळी शाई मिसळली होती. ही शाई हा दिग्दर्शकाचा पाठ आहे. आता पुनःस्थापनाच्या संगणकाला जुन्या फितीवरचे उभे ओरखडे पुसण्याचे काम दिले की उभी काळी रेघ पावसाची कोणती आणि झिजेची कोणती, हा निर्णय कोणाला तरी करावा लागतो. यंत्र तो आपण होऊन अचूक करील असे नाही. हाच पेच ‘सेव्हन सामुराई’च्या शेवटच्या चिखलपावसातल्या लढाईतही आहे. शिवाय तो चित्रपट २०७ मिनिटांचा असताना परदेशी प्रेक्षकांपुढे कित्येक वर्षे त्याची बरीच कापलेली आवृत्ती जात होती. त्या आवृत्तीवरून केलेली कथनरचनेची मीमांसा आज कोणी गंभीरपणे घेणार नाही.

आता आपल्याकडे यावे. मुंबईहून कल्याणमार्गे कर्जतकडे जाताना वांगणी नावाचे स्थानक लागते. मुरबाड तालुक्याच्या हद्दीपासून ते फार दूर नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चे बाह्यचित्रण दादासाहेब फाळके यांनी येथे केले. तलवारी-भाले घेऊन उतरलेली ही मंडळी दरोडेखोर असावीत अशा संशयाने त्यांना अडकवून ठेवल्याची हकिकत फाळके यांच्या चरित्रांतून येते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. चार रिळे, सुमारे ३७०० फूट. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यांतील पहिले आणि शेवटचे रीळ आहे.

पण ते तेच आहे का? फाळके यांनी १९१७ मध्ये ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने हाच विषय पुन्हा चित्रित केला. संग्रहालयाचे एकेकाळचे संचालक सुरेश छाब्रिया यांच्यासह काही इतिहासकारांचे मत असे की उपलब्ध अवशेष १९१७ च्या चित्रपटाचा आहे. मत मान्य करायचे की नाही हा चर्चेचा विषय आहे. परंतु ही शंका प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही. घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या प्रती ‘१९१३’ असा शिक्का मिरवतात, आणि विद्यार्थी त्या शिक्क्याच्या भरवशावर भारतीय चित्रपटाच्या पहिल्या दृश्याचे विश्लेषण लिहितात. एखाद्या हस्तलिखितावर नंतरच्या हाताने जुना शक घालावा आणि त्यावरून भाषेचा काळ ठरवला जावा, तसा हा प्रकार आहे. हस्तलिखिताच्या बाबतीत कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्याला ही चूक परीक्षकाने माफ केली नसती.

या अवशेषाच्या घरगुती प्रतींत आणखी एक दोष सहज शिरतो. मूकपट साधारणपणे सेकंदाला सोळा ते अठरा चौकटी या वेगाने चित्रित होत, तोही हाताने दांडा फिरवून, म्हणजे थोडा कमीअधिक. दूरदर्शनच्या भारतीय पद्धतीत सेकंदाला पंचवीस चौकटी धावतात. वेगाची दुरुस्ती न करता मूकपट त्यावर चढवला, तर सोळाच्या हिशेबाने मूळ शंभर सेकंदांचे दृश्य चौसष्ट सेकंदांत संपते. अण्णा साळुंके यांनी रंगवलेली १९१३ ची तारामती कशी चालत होती हे आपल्याला पाहायला मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही. पण त्या काळातील पात्रे तुरुतुरू चालत, हातवारे झटक्याने करीत, आणि म्हणून मूकपटाचा अभिनय बाळबोध होता, हा जो समज अभ्यासग्रंथांपर्यंत जाऊन बसला आहे, त्याचे मूळ अभिनयात कमी आणि प्रतीत जास्त आहे.

बोलपटाच्या बाबतीत हा वेगाचा प्रश्न सुटतो असे वाटेल. तसे नाही. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे, तुकाराम विष्णुपंत पागनीस यांचा. मुंबईत तो सत्तावन्न आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, म्हणजे ‘राशोमोन’च्या चौदा वर्षे आधी. चित्रपट सुमारे १३१ मिनिटांचा. बोलपटाचा वेग सेकंदाला चोवीस चौकटी. तो पंचवीसच्या पद्धतीत उतरवताना रूढ उपाय असा की चौकटी तशाच ठेवायच्या आणि किंचित वेगाने धावू द्यायच्या. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण १३१ मिनिटांचा चित्रपट जवळपास १२६ मिनिटांत संपतो, आणि स्वर सुमारे चार टक्क्यांनी चढतो. चार टक्के म्हणजे पाऊण अर्धस्वराच्या जरा खाली. काळी एकमध्ये गायलेले पद घरच्या प्रतीत पांढरी दोनच्या जवळ पोचते. पागनीस यांच्या आवाजाचा भारदस्तपणा, त्यातला कीर्तनकाराचा ठहराव, वीणेचा खर्ज यांविषयी लिहिणाऱ्याने अशी प्रत ऐकली असेल, तर तो ज्या गायकाविषयी लिहितो आहे तो थोडा अधिक तरुण, थोडा अधिक घाईतला गायक आहे. भोळे यांच्या संगीतावर इतके बारकाईने लिहिले गेले असताना हा साधा हिशेब कोणी मांडू नये, याचे आश्चर्य वाटते.

ध्वनीच्या शुद्धीचा प्रकार तर याहून नाजूक आहे. जुन्या फितीवरची खरखर काढताना ज्या उंच कंपनांवर कात्री चालते, तेथेच ‘स’, ‘श’, ‘च’ या वर्णांची धारही असते. खरखर पूर्ण गेली की उच्चार बोथट होतात. गौरी यांनी उभी केलेली जिजाई ही या चित्रपटातील सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा. तिचा जीव तिच्या बोलण्यात, शब्दांच्या टोकदार फेकीत आहे. ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतीत ती जरा मऊ होते. तुकारामाच्या अलिप्ततेला तिच्या बोलण्याची जी धार छेद देते, ती बोथट झाली की चित्रपटाचा तोलच बदलतो. प्रतीचा दोष असा अर्थाच्या आत शिरतो.

तुकारामाच्या गाथेची गोष्ट येथे आठवते. इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये गाथेचे दोन खंड निघाले, तेव्हा विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील प्रती मिळवून त्यांच्या आधारे पाठ लावले आणि तसे सांगितले. चित्रपटाने या परंपरेत एक मौजेची भर घातली. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले एक पद इतके तुकारामाच्या वळणाचे उतरले की पुष्कळांनी ते तुकारामाचाच अभंग मानले. गाथेच्या अभ्यासकांनी हा प्रक्षेप वेळीच ओळखला, कारण त्यांच्यापुढे प्रतींची परंपरा होती. चित्रपटातील प्रक्षेप आणि गळती ओळखायला कोणती परंपरा आहे? बाजारात आलेल्या चकत्यांवर कलावंतांची नावे असतात, गीतांची यादी असते. ही प्रत कोणत्या प्रिंटवरून, कोणत्या वर्षी, किती लांबीची घेतली याबद्दल सहसा एक ओळही नसते. जुने लहिये पोथीच्या शेवटी पुष्पिका लिहीत. तीत नाव, गाव, शक येई. वर, जसे पाहिले तसे लिहिले, दोष माझा मानू नये, अशी विनवणीही असे. त्या विनवणीत एक प्रामाणिक समीक्षाशास्त्र होते.

मूळ पाठाकडे परत जाण्याची वाट दिवसेंदिवस अरुंद होत आहे हेही येथे सांगितले पाहिजे. जुनी नायट्रेटची फीत ज्वालाग्राही, आणि न जळताही आपोआप कुजणारी. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोपर्यंत मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले होते. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जे मिळाले ते जमा केले. फाळके यांचे जे थोडे शिल्लक आहे त्याचे श्रेय बरेचसे त्यांचे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील, म्हणजे एकेकाळच्या ‘प्रभात’च्याच आवारातील, नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि सहाशेहून अधिक चित्रपटांची पाच हजारांहून अधिक रिळे जळाली. अनेक चित्रपटांच्या नंतरच्या फितीवर घेतलेल्या नकला शिल्लक होत्या, त्यामुळे ‘चित्रपट वाचला’ असे म्हणता आले. परंतु मूळ आणि नक्कल यांतील अंतर मोजायचे साधन त्या दिवशी गेले.

विशेष म्हणजे ज्या लॉ कॉलेज रस्त्यावर हे संग्रहालय आणि ही इन्स्टिट्यूट आहे, त्याच परिसरात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. १९१९ मध्ये तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, वि. स. सुकथनकर यांनी १९२५ पासून त्याला शास्त्रशुद्ध बैठक दिली आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. सुकथनकरांच्या पद्धतीचा मर्म असा की मूळ म्हणून न स्वीकारलेला श्लोकही फेकून दिला जात नाही. तो तारांकित होऊन तळटीपेत किंवा परिशिष्टात जातो. वाचकाला संपादकाशी मतभेद करता येतो. चित्रपटाचे पुनःस्थापन मात्र आपण काय पुसले, काय भरले, कोठे दोन प्रती जोडल्या, हे प्रेक्षकाच्या डोळ्यांआड ठेवण्यातच यश मानते. देवळाचा जीर्णोद्धार करताना काळ्या दगडावर ऑइलपेंट चढवावा आणि सभामंडपात गुळगुळीत लाद्या बसवाव्यात, त्यातली ही वृत्ती आहे. तुकारामाला न्यायला येणाऱ्या गरुडविमानाच्या दृश्यात युक्तीचित्रणाच्या कडा जाणवतात. त्या पुसायच्या का? १९३६ च्या कारागिरीची ती सही आहे. पुसली तर चमत्कार अधिक सफाईदार होईल आणि दामले-फत्तेलाल नाहीसे होतील.

या सगळ्याचा शहापूर-मुरबाडशी संबंध केवळ वांगणीच्या शेजाराचा नाही. पोथ्यांच्या वंशवृक्षात काही फांद्या मूळापासून फार दूर असतात. चित्रपटाच्या वंशवृक्षात ग्रामीण ठाणे जिल्ह्याची फांदी नेहमी तशीच राहिली. नवी प्रिंट आधी मुंबईत चाले, मग उपनगरांत, मग तालुक्याच्या गावी, आणि झिजल्यावर फिरत्या तंबूंत. शहापूरला निदान आसनगावचे स्थानक आणि आग्रा रस्ता जवळ. मुरबाडकडे तर रेल्वेही नाही, पेट्या कल्याणहून रस्त्यानेच जायच्या. पौषातल्या म्हशाच्या यात्रेसारख्या जत्रांच्या वाटेवर हिंडणाऱ्या तंबूंना मिळे ती प्रत तोवर शंभर ठिकाणी जोडलेली असे. फीत तुटली की ऑपरेटर फाटक्या चौकटी कापून टाकी आणि उरलेली टोके सिमेंटने चिकटवी. प्रत्येक जोडात काही चौकटी जात, म्हणजे एखाद्या शब्दाची शेपूट, एखाद्या नजरेची सुरुवात. जनरेटर दमला की गाणे ओढल्यासारखे होई. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वाड्यांतून बैलगाडीने किंवा पायी आलेल्या प्रेक्षकाने पाहिलेला चित्रपट हा असा, कमी झालेला आणि तरी भरघोस, चित्रपट होता.

१९८२ नंतर रंगीत दूरदर्शन आणि व्हिडिओ आले, तेव्हा ही श्रेणी मोडेल असे वाटले. फितीवरून फीत उतरवण्याच्या धंद्याने ती उलट वाढवली. मूळ कॅसेटची नक्कल, तिची नक्कल, असे चार-पाच पिढ्यांनंतरचे चित्र खेड्यात पोचले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व्हीसीडी आली. तिचे चित्र ३५२ आडव्या आणि २८८ उभ्या बिंदूंचे. एका चकतीवर सुमारे सव्वा तासच मावत असल्याने ‘संत तुकाराम’ दोन चकत्यांत तुटे, आणि तो तुटे तेथे मध्यंतर नसून यंत्राची मर्यादा असे. पुढे रुंद पडद्याचे टीव्ही आले आणि जुन्या, जवळपास चौरस चौकटीला वरखाली छाटून किंवा आडवी ताणून त्यात बसवण्याची खोड लागली. ताणलेल्या चौकटीत देहूची माणसे सुदृढ दिसतात, एवढाच काय तो लाभ. आज शहापूर किंवा मुरबाडच्या महाविद्यालयात साहित्य आणि चित्रपट हा विषय शिकणारा विद्यार्थी मोबाईलच्या वीतभर काचेवर जो पाठ पाहतो, तो बहुधा अशाच एखाद्या चकतीवरून चढवलेला असतो. म्हणजे वेगाचा दोष, छाट आणि बोथट ध्वनी हे सगळे वारशाने घेऊन तो आलेला असतो. त्याच वेळी पुण्यातील किंवा परदेशातील अभ्यासक संग्रहालयातली प्रिंट पाहून लिहितो. दोघे एकाच नावाच्या चित्रपटावर लिहितात, आणि पहिल्याचे निरीक्षण चुकले तर ते त्याच्या रसिकतेच्या खाती जाते.

तंबूतल्या कापलेल्या प्रतीचा अनुभव हाही इतिहासच आहे, मग मूळ पाठाचा एवढा आग्रह कशाला, असे कोणी म्हणेल. ग्रहणसिद्धान्ताच्या दृष्टीने या आक्षेपात तथ्य आहे. पण त्या अनुभवाचा इतिहास लिहायचा तर काय कापले गेले हे कळले पाहिजे, आणि त्यासाठी न कापलेली प्रत हाताशी हवी. भ्रष्ट पाठाचे कौतुक शुद्ध पाठ शेजारी असेल तेव्हाच करता येते. एरवी ती केवळ गरिबीची भलावण होते. फिरत्या तंबूंच्या त्या प्रिंटा तर आता कोठेच नाहीत. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा महाराष्ट्रातील फिरत्या चित्रपटगृहांवरचा माहितीपट २०१६ मध्ये आला, तोवर तो धंदा शेवटच्या घटका मोजत होता.

त्या प्रिंटांचे जे उरले ते वेगळ्याच ठिकाणी उरले. ऑपरेटरने कापून टाकलेले फितीचे तुकडे जत्रेच्या माळावरून मुले वेचून घरी नेत. पाणी भरलेला निकामी दिवा, एक आरसा, दाराच्या फटीतून येणारे ऊन आणि भिंतीवर धोतर, एवढ्या सामग्रीवर ती चौकट दाखवली जाई. पस्तीस मिलिमीटरच्या त्या एका चौकटीत, ओरखडे धरूनही, पुढे घरात आलेल्या चकतीवरच्या कोणत्याही चित्रापेक्षा कितीतरी अधिक तपशील होता.